शेजारधर्म आणि बिनतारी जोडणी : दायित्व व संशय यांचे विवेचन

उन्हाळ्याच्या दिवसांत रस्त्याच्या कडेला पाणपोई घालण्याची चाल महाराष्ट्रात जुनी आहे. रांजण भरून ठेवणारा गृहस्थ पाणी पिणाऱ्याचे नावगाव विचारीत नाही. आणि पाणी पिऊन गेलेल्या वाटसरूने पुढल्या गावी काही आगळीक केली, तर तिचा जाब पाणपोई घालणाऱ्यास कोणी विचारीत नाही. घरची बिनतारी इंटरनेट जोडणी शेजाऱ्यापाजाऱ्यांना व येणाऱ्याजाणाऱ्यांना खुली ठेवावी असे म्हणणाऱ्यांच्या मनात बहुधा असेच काही चित्र असते. घरातील मंडळी कामावर गेली की महिन्याचे पैसे भरून घेतलेली जोडणी दिवसाचे कित्येक तास रिकामी पडून राहते. शेजारच्या खोलीतील विद्यार्थ्याला मात्र त्याच वेळी परीक्षेचा अर्ज भरावयाचा असतो आणि त्याच्यापाशी साधन नसते. लहरी तर भिंतीपलीकडे पोहोचतच असतात. त्यांवरील कुलूप तेवढे काढले की काम झाले, असा हा साधा विचार आहे.

विचार साधा असला तरी त्याचा व्यवहार साधा ठरलेला नाही. गेल्या पंचवीस वर्षांत अनेक देशांत या कल्पनेचे प्रयोग झाले. ते जेथे अडले तेथे यंत्राच्या उणिवेमुळे किंवा माणसांच्या कृपणपणामुळे क्वचितच अडले. बहुतेक ठिकाणी ते एकाच प्रश्नापाशी येऊन थांबले : एकाच्या जोडणीवरून दुसऱ्याने जे केले, त्याचा जाब कोणी द्यावयाचा? पाणपोईची उपमा नेमकी याच ठिकाणी लंगडी पडते. पाणी पिणारा आपल्या पायांनी पुढे जातो. जोडणी वापरणारा मात्र जगात जेथे जाईल तेथे यजमानाच्या घराचा पत्ता हाच आपला पत्ता म्हणून सांगत असतो. या एका भेदातून कोणत्या अडचणी निर्माण झाल्या आणि त्यांवर कोणते उपाय योजले गेले, याचे विवेचन प्रस्तुत लेखात जर्मनी व भारत या दोन देशांच्या अनुभवाच्या आधारे केले आहे.

एका घराचा एकच पत्ता

बिनतारी यंत्राने संदेश पाठवावयाचा तर शासनाचा परवाना हवा, हा बहुतेक देशांतील जुना नियम होय. अमेरिकेच्या संदेशवहन आयोगाने १९८५ साली काही लहरपट्टे अल्पशक्तीच्या यंत्रांसाठी विनापरवाना खुले केले, आणि आज ज्यास वायफाय म्हणतात त्या तंत्राचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला. भारतात २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा अशा यंत्रांसाठी २००५ साली परवानामुक्त झाला. ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातील सवलत २०१८ साली अधिक विस्तृत करण्यात आली. यंत्राची शक्ती ठरावीक मर्यादेत असली म्हणजे घरच्या राउटरच्या लहरी शेजाऱ्याच्या खोलीत शिरणे यात कायद्याच्या दृष्टीने वावगे काही नाही. प्रश्न लहरींचा नाही, त्यांवरून होणाऱ्या वाहतुकीचा आहे.

इंटरनेटवर प्रत्येक संदेशास पाठविणाऱ्याचा एक अंकरूप पत्ता चिकटलेला असतो. आजही मोठ्या प्रमाणावर चालू असलेल्या पत्तापद्धतीत एकंदर सुमारे ४२९ कोटीच पत्ते संभवतात. जगातील प्रत्येक यंत्राला स्वतंत्र पत्ता देण्यास ही संख्या अपुरी आहे. यास्तव सेवा पुरविणारी कंपनी घराला एका वेळी एकच सार्वजनिक पत्ता देते. घरातील फोन, संगणक, दूरचित्रवाणी संच यांना राउटर आपल्यापुरते अंतर्गत क्रमांक देतो, आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक संदेशावर तो अंतर्गत क्रमांक खोडून त्या जागी घराचा सार्वजनिक पत्ता घालतो. उत्तर आले की उलट क्रिया करून ते योग्य त्या यंत्राकडे पोहोचवितो. कित्येक कंपन्या तर अनेक घरांस मिळून एकच पत्ता देतात. परंतु अमुक क्षणी त्या पत्त्यामागे कोणते घर होते हे त्यांना आपल्या नोंदींवरून सांगता यावे लागते. नव्या पत्तापद्धतीत प्रत्येक यंत्राला वेगळा पत्ता मिळू शकतो. तथापि त्या पत्त्याचा आरंभीचा भाग घराचाच असतो.

याचा परिणाम असा की, बाहेरून पाहणाऱ्याला घर दिसते, माणूस दिसत नाही. यजमानाने स्वतः लिहिलेले पत्र आणि त्याच्या ओट्यावर बसून अनोळखी इसमाने लिहिलेले पत्र यांवर एकच शिक्का उमटतो. कंपनीच्या दप्तरी त्या शिक्क्यापुढे नाव असते ते जोडणीधारकाचे. जोडणी वाटून घेण्याच्या प्रश्नातील सर्व गुंतागुंत या एका वस्तुस्थितीतून उद्भवते.

सुटण्याजोगे आक्षेप

मुख्य प्रश्नाकडे वळण्यापूर्वी नेहमी घेतल्या जाणाऱ्या काही आक्षेपांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप वेगाचा. शेजाऱ्याने मोठमोठे चित्रपट उतरवून घेण्यास आरंभ केला तर घरच्यांचे काम अडेल, ही भीती खरी आहे. परंतु तिचे निवारण राउटरमध्येच करता येते. पाहुण्यांसाठी वेगळ्या नावाची जोडणी निर्माण करून तिला एकूण वेगाचा लहानसा हिस्सा नेमून देण्याची सोय आजकालच्या अनेक राउटरमध्ये असते. घरची मंडळी काम करीत असताना त्यांना अग्रक्रम मिळावा अशीही व्यवस्था काही राउटरमध्ये असते.

दुसरा आक्षेप गुप्ततेचा. परवलीचा शब्द नसलेल्या जुन्या पद्धतीच्या जोडणीत हवेतून जाणारे संदेश कोणासही वाचता येत. परवलीचा शब्द असूनही फारसे संरक्षण मिळत नाही, असेही एकदा उघडकीस आले. कारण वायफायची पहिली कूटपद्धती २००१ साली तज्ज्ञांनी भेदून दाखविली. तिच्या जागी २००३ व २००४ मध्ये अधिक भक्कम पद्धती आल्या. पुढे बहुतेक संकेतस्थळे आपली वाहतूक स्वतःच कूटरूपात पाठवू लागली आणि २०१८ साली परवलीच्या शब्दावाचूनही प्रत्येक यंत्राशी वेगळे कूटबोलणे करणारी योजना प्रचारात आणली गेली. घरातील छापयंत्र, कॅमेरा किंवा साठवणीची पेटी यांपर्यंत पाहुण्याचा हात पोहोचू नये म्हणून पाहुण्यांची जोडणी घरच्या जोडणीपासून तोडून ठेवता येते. सारांश, या आक्षेपाची धार पूर्वीइतकी राहिलेली नाही.

तिसरा आक्षेप सेवा पुरविणाऱ्या कंपनीचा. एकाने पैसे भरावयाचे आणि दहांनी वापरावयाचे हे तिला रुचत नाही. म्हणून करारपत्रात घराबाहेरच्यांना जोडणी देण्यास मनाई करणारे कलम पुष्कळदा असते. शेजाऱ्याला विनामूल्य वापर करू देणे हा मुख्यतः या कराराचा प्रश्न आहे. पैसे घेऊन जोडणी विकणे ही मात्र निराळी गोष्ट असून तिला शासनाच्या अधिकारपत्राचा कायदा लागू होतो. करारपत्र वाचून पाहणे हाच येथे उपाय होय.

हे आक्षेप ठाऊक असूनही जाणत्या माणसांनी दार उघडे ठेवल्याची उदाहरणे आहेत. सुरक्षाशास्त्राचे प्रसिद्ध अमेरिकन अभ्यासक ब्रूस श्नायर यांनी जानेवारी २००८ मध्ये एका लेखात आपल्या घरची जोडणी आपण बुद्ध्याच खुली ठेवतो असे जाहीरपणे लिहिले. घरी आलेल्याला जशी ऊब व चहा द्यावा तशीच ही सोय द्यावी, हा शिष्टाचाराचाच भाग आहे, असे त्यांचे म्हणणे होते. संगणकाचे संरक्षण संगणकातच केले पाहिजे, केवळ दार लावून ते साधत नाही, हा त्यांचा तांत्रिक युक्तिवादही सबळ होता. परंतु यंत्राच्या सुरक्षिततेचा प्रश्न सुटला म्हणून यजमानाच्या सुरक्षिततेचा प्रश्न सुटतो असे नाही. तो कसा उभा राहतो हे जर्मनीच्या इतिहासावरून विशेष स्पष्ट होते.

जर्मनीतील 'उपद्रवकर्ता'

जोडणी वाटून घेण्याची चळवळ जर्मनीत चांगली रुजली. बर्लिनमध्ये २००२-०३ च्या सुमारास 'फ्रायफुंक' या नावाने तिचा आरंभ झाला. या नावाचा अर्थ मुक्त बिनतारी असा होतो. तिला एक स्थानिक कारणही होते. जर्मनीच्या एकीकरणानंतर पूर्व बर्लिनच्या काही भागांत तांब्याच्या तारांऐवजी काचतंतूंचे जाळे घातले गेले होते, आणि त्या जाळ्यावरून तत्कालीन जलद इंटरनेट सेवा देता येत नव्हती. म्हणजे नव्या व उंची तारा असूनही रहिवासी वंचित! तेव्हा ज्याच्याकडे जोडणी होती त्याने छपरावर राउटर बसवावा, त्याच्या लहरी पुढल्या छपरावरील राउटरने झेलाव्यात, अशी साखळी स्वयंसेवकांनी उभारली. पुढे ही चळवळ देशभर पसरली, आणि २०१५ मध्ये निर्वासितांचे लोंढे आले तेव्हा त्यांच्या अनेक निवाऱ्यांत इंटरनेट पोहोचविण्याचे काम या स्वयंसेवकांनीच केले.

या चळवळीच्या वाटेत उभा होता तो दिवाणी कायद्यातील एक जुना विचार. १ जानेवारी १९०० रोजी अमलात आलेल्या जर्मन नागरी संहितेच्या १००४ व्या कलमान्वये, मालमत्तेच्या उपभोगात व्यत्यय आणणाऱ्या उपद्रवकर्त्यास तो व्यत्यय दूर करावयास लावण्याचा अधिकार मालकाला आहे. शेजाऱ्याचा धूर, शेजाऱ्याचे सांडपाणी अशा तंट्यांत उपयोगी पडणारे हे तत्त्व न्यायालयांनी पुढे लेखाधिकारासारख्या अमूर्त मालमत्तेलाही लावले. स्वतः अपराध न करता, पण आपल्या ताब्यातील साधनाने जो त्यास हातभार लावतो व जरूर ती काळजी घेत नाही, तोही उपद्रवकर्ता ठरू लागला.

१२ मे २०१० रोजी जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने हे तत्त्व घरगुती वायफायला लावले. ज्या गाण्यावरून हा दावा झाला त्या गाण्याच्या शीर्षकाने, म्हणजे 'आमच्या आयुष्यातील उन्हाळा' या अर्थाच्या नावाने, तो निर्णय ओळखला जातो. २००६ मध्ये एका गृहस्थाच्या जोडणीवरून ते गाणे फायलींच्या देवघेवीच्या जाळ्यात उपलब्ध करून दिल्याचे आढळले. त्या वेळी तो गृहस्थ रजेवर परगावी होता. न्यायालयाने त्याला नुकसानभरपाईच्या दायित्वातून मुक्त केले, कारण कृत्य त्याचे नव्हते. तथापि राउटरमधील कारखान्याची मूळ मांडणी तशीच ठेवून, स्वतःचा पुरेसा भक्कम परवलीचा शब्द न घातल्यामुळे तो उपद्रवकर्ता ठरला. आणि मनाई-हुकूम व वकिली नोटिशीचा खर्च यांस पात्र झाला.

वरवर पाहता हा निर्णय सौम्य होता. परंतु व्यवहारात त्याची जरब मोठी बसली. लेखाधिकाराच्या भंगाबद्दल वकिलांमार्फत खर्चासह नोटिसा पाठविण्याची प्रथा जर्मनीत आधीच बोकाळली होती. नोटीस आली म्हणजे न्यायालयात जाण्यापेक्षा पैसे भरून मोकळे होणे स्वस्त पडे. अशा स्थितीत अनोळखी माणसासाठी दार उघडे ठेवण्याचे धाडस गृहस्थाने काय, पण उपाहारगृहाच्या मालकानेही का करावे? कायद्याच्या या अनिश्चिततेमुळे देशात खुल्या वायफायची वाढ खुंटली, हे शासनानेच पुढे कायदा बदलताना मान्य केले.

फ्रायफुंकच्या स्वयंसेवकांनी यावर काढलेली तोड मननीय आहे. पाहुण्याची वाहतूक घराच्या पत्त्यावरून बाहेर सोडण्याऐवजी ती कूटरूप बोगद्यातून प्रथम संस्थेच्या केंद्राकडे न्यावयाची आणि तेथून संस्थेच्या पत्त्यानिशी बाहेर सोडावयाची. काही गटांनी हे केंद्र स्वीडनसारख्या दुसऱ्या देशात ठेवले. गृहस्थ केवळ वीज, जागा व आपल्या वेगाचा हिस्सा देई. पत्ता देत नसे. सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांना केवळ वाहतुकीबद्दल जबाबदार धरू नये अशी सवलत युरोपीय संघाच्या २००० सालच्या निदेशाने दिली होतीच. तिचा आश्रय संस्थेला घेता येत होता. एकट्या घराला न पेलणारे ओझे अशा रीतीने संघटनेने आपल्या शिरावर घेतले.

कायदा मात्र सावकाश हलला. म्युनिकजवळील एका दुकानदाराने गिऱ्हाइकांसाठी खुली ठेवलेली जोडणी आणि तिच्यावरून २०१० मध्ये झालेला लेखाधिकारभंग हा वाद युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत गेला. मॅकफॅडन खटला या नावाने प्रसिद्ध असलेल्या या वादाचा निकाल १५ सप्टेंबर २०१६ रोजी लागला. अशा दुकानदारास कंपन्यांची सवलत मिळते व त्याच्याकडून नुकसानभरपाई मागता येत नाही, असे न्यायालयाने सांगितले. पण त्याबरोबरच, जोडणीला परवलीचा शब्द लावावा व तो देण्यापूर्वी वापरणाऱ्याची ओळख घ्यावी असा हुकूम राष्ट्रीय न्यायालय देऊ शकते, असेही म्हटले. म्हणजे एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने बरेचसे परत घेतले गेले.

यानंतर १३ ऑक्टोबर २०१७ पासून जर्मनीने आपला कायदा निःसंदिग्ध केला. जोडणी देणाऱ्याकडून मनाई-हुकुमाचा व नोटिशीचा खर्च मागण्याचा मार्ग बंद झाला. त्याने वापरणाऱ्यांची नोंद ठेवावी, परवलीचा शब्द घालावा किंवा सेवा बंद करावी अशी सक्ती कोणत्याही प्रशासकीय कार्यालयास करता येणार नाही, असे ठरले. लेखाधिकाराच्या मालकास त्याऐवजी, दुसरा उपाय नसेल तेव्हा, विशिष्ट सामग्रीची वाट अडवून घेण्याचा हक्क मिळाला. २६ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ही नवी व्यवस्था उचलून धरली. तथापि वाट अडविण्याच्या हक्कात प्रसंगी नोंदणी, परवलीचा शब्द किंवा अगदी शेवटी जोडणी बंद करणे याही गोष्टी बसू शकतात, असे नमूद केले. हा कायदा २०२४ मध्ये जाऊन त्याच्या जागी नवा आला; यजमानाला दायित्वातून सोडविण्याचे तत्त्व त्यातही कायम आहे.

नवी मुंबईचा धडा

जर्मनीत वाद होता तो गाण्यांचा व खेळांचा, म्हणजे अखेर पैशाचा. घराचा पत्ता अनोळखी माणसाच्या हाती लागल्यास याहून कितीतरी गंभीर असे काय होऊ शकते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच घडले. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बाँबस्फोटांची मालिका होऊन पन्नासांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. स्फोटांच्या अगदी थोडा वेळ आधी त्यांची जबाबदारी घेणारे एक ई-पत्र वृत्तसंस्थांकडे पाठविण्यात आले होते. त्या पत्रावरील पत्त्याचा माग काढीत तपास पोहोचला तो नवी मुंबईतील सानपाडा येथे राहणाऱ्या एका परदेशी नागरिकाच्या घरी. त्याच्या वायफाय जोडणीस पुरेसे संरक्षण नव्हते आणि तिचा तिऱ्हाइतांनी गैरफायदा घेतला होता. परंतु हे स्पष्ट होईपर्यंत त्या रहिवाशाला कसून चौकशीस तोंड द्यावे लागले. पुढील दोन महिन्यांत मुंबईतील माटुंग्याच्या एका महाविद्यालयाच्या व चेंबूरच्या एका कचेरीच्या जोडणीचाही अशाच पत्रांसाठी उपयोग करण्यात आला.

श्नायर यांचा लेख जानेवारीतला आणि ही घटना त्याच वर्षाच्या जुलैतली. दोहोंतील सहा महिन्यांच्या अंतरात तंत्र बदलले नव्हते. बदलला होता तो प्रसंग. येथे एक सूक्ष्म पण महत्त्वाचा भेद ध्यानी घ्यावयास हवा. सानपाड्याच्या रहिवाशावर आले ते दायित्व नव्हे, तर संशय. दायित्व म्हणजे दुसऱ्याच्या कृत्याबद्दल कायद्याने भरावयाचा दंड किंवा द्यावयाचा खर्च. संशय म्हणजे कृत्य आपले नाही हे ठरेपर्यंत सोसावयाचा त्रास : दारावर आलेले पोलीस, जप्त झालेला संगणक, शेजाऱ्यांच्या नजरा. दायित्व विधिमंडळाला एका कलमाने दूर करता येते. संशय असा दूर करता येत नाही. कारण गुन्ह्याचा शोध घेणारा अधिकारी प्रथम त्याच घरी जाणार, ज्याचा पत्ता त्याच्या हाती आला आहे. तसे त्याने करू नये असे कोणताही कायदा म्हणणार नाही.

या घटनांनंतर २००९ च्या आरंभी मुंबई पोलिसांनी शहरात हिंडून असुरक्षित जोडण्या शोधण्याची मोहीम काढली. त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्रीय दूरसंचार विभागाने सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांना सूचना दिल्या. सार्वजनिक जागी वायफाय वापरणाऱ्याची ओळख ओळखपत्राच्या प्रतीवरून किंवा त्याच्या मोबाइलवर सांकेतिक क्रमांक पाठवून पटवून घ्यावी, हे तेव्हापासून भारतातील व्यवहाराचे अंग झाले. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर प्रवाशांसाठी विनामूल्य वायफाय सुरू झाले तेही याच पद्धतीने.

ही पद्धती मोठ्या संस्थेला जमणारी होती. घरमालकाला किंवा चहाच्या टपरीवाल्याला नव्हे. ती अडचण दूर करण्याचा प्रयत्न ९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्य केलेल्या 'पीएम-वाणी' योजनेत दिसतो. या योजनेत कामाची वाटणी केलेली आहे. जोडणी घेऊन वायफाय पुरविणारा लहान चालक एक. अशा अनेक चालकांचा हिशेब व परवानगी सांभाळणारा संकलक दुसरा. वापरणाऱ्याची नोंदणी करून त्याला जवळपासची जोडणी दाखविणारे ॲप चालविणारा तिसरा. आणि या सर्वांची नोंद ठेवणारी मध्यवर्ती वही चौथी. लहान चालकाला परवाना किंवा परवानाशुल्क लागत नाही. वापरणाऱ्याची ओळख पटविण्याचे काम त्याच्याकडून काढून घेऊन ॲपवाल्याकडे दिलेले आहे. योजना प्रामुख्याने दुकानदारांना डोळ्यांपुढे ठेवून आखलेली असली, तरी तिच्यातील तत्त्व घरालाही लागू पडते : पाहुण्याची ओळख यजमानाने नव्हे, तर तिसऱ्या कोणी तरी जाणून ठेवावी.

दोन मार्गांची तुलना

वरील हकिकतींवरून दोन निरनिराळे मार्ग नजरेस येतात. जर्मन मार्गाने यजमानाचे दायित्व काढून टाकले आणि पाहुण्याची अनामिकता राखली. भारतीय मार्गाने पाहुण्याची अनामिकता काढून घेतली आणि त्या मोबदल्यात यजमानावरील संशय हलका केला. प्रत्येकाची किंमत वेगळी आहे. अनामिकता राखल्याने अपराध्यालाही आश्रय मिळतो, हे सानपाड्याच्या उदाहरणावरून नाकारता येणार नाही. उलट ओळखीची अट घातल्याने ज्याच्यापाशी स्वतःच्या नावाचा मोबाइल नाही तो वगळला जातो. आणि बहुधा त्यालाच शेजाऱ्याच्या जोडणीची गरज अधिक असते. घरातील एकुलता एक फोन वडिलांबरोबर कामावर गेल्यावर मागे राहिलेल्या मुलाची २०२० च्या टाळेबंदीनंतरच्या शाळेत जी कुचंबणा झाली, ती या वगळण्याची साक्ष होय.

तिसरा मार्ग फ्रायफुंकच्या बोगद्याचा. तो या दोहोंहून वेगळा अशासाठी की, त्यात पाहुण्याची ओळख घेतली जात नाही आणि घराचा पत्ताही उघडा पडत नाही. पत्ता संस्थेचा असतो. चौकशी आली तर ती संस्थेच्या दारी येते, आणि जाब देण्याची संस्थेची तयारी असते. संशयाचे ओझे नाहीसे होत नाही, पण ते पेलण्यासाठीच निर्माण झालेल्या खांद्यावर जाते. मात्र हे होण्यासाठी केवळ वाहतूक करणाऱ्या संस्थेला दायित्वातून सूट देणारा कायदा आधी असावा लागतो. भारताच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ७९ व्या कलमात मध्यस्थांना अशी सूट आहे. परंतु ती योग्य दक्षता घेण्याच्या अटीवर आहे, आणि सार्वजनिक जोडणीच्या बाबतीत वापरणाऱ्याची ओळख हा दक्षतेचाच भाग मानण्याकडे शासनाचा कल २००९ पासून राहिला आहे. यास्तव अनामिक बोगद्याचा जर्मन प्रयोग जसाच्या तसा येथे उचलता येणार नाही.

निष्कर्ष

या विवेचनातून घरमालकापुरता निघणारा निष्कर्ष असा. भारतात परवलीच्या शब्दावाचून जोडणी सर्वांना खुली ठेवणे हे औदार्य असले तरी त्यात यजमान अशा गोष्टीची हमी देतो जी त्याच्या हाती नाही. परंतु 'सर्वांना खुली' आणि 'कोणालाच नाही' या दोन टोकांच्या मध्ये शेजारधर्माला पुरेशी जागा आहे. पाहुण्यांसाठी वेगळी जोडणी करावी. ती घरच्या यंत्रांपासून तोडलेली असावी. तिच्या वेगाला मर्यादा घालावी. तिला नव्या कूटपद्धतीचे संरक्षण व स्वतंत्र परवलीचा शब्द असावा, आणि तो शब्द ओळखीच्या शेजाऱ्याला तोंडी सांगून अधूनमधून बदलीत जावा. करारपत्रातील कलम आधी वाचून घ्यावे. इतके केल्यावर जोडणी कोणाकोणाच्या हाती आहे हे यजमानाला ठाऊक राहते. आणि प्रसंग पडल्यास चौकशी अधिकाऱ्यापुढे त्याला काही सांगता येते.

चाळीने किंवा गृहनिर्माण संस्थेने मिळून काही करावयाचे झाल्यास, एखाद्या सभासदाच्या घरची जोडणी सर्वांनी वापरण्यापेक्षा संस्थेच्या नावाने स्वतंत्र जोडणी घेणे, अथवा पीएम-वाणीखाली संस्थेनेच लहान चालक होणे हे अधिक श्रेयस्कर. एका घराचा पत्ता पणास लावण्याऐवजी समूहाने आपला पत्ता पुढे करावा, हेच फ्रायफुंकच्या अनुभवाचे सार आहे.

कायदेकर्त्यापुढील प्रश्न याहून व्यापक आहे. दायित्व दूर केल्याने संशय दूर होत नाही, आणि संशय दूर करण्यासाठी ओळख मागितली की गरजूंपैकी काहीजण बाहेर राहतात. या तिढ्यातून पूर्णपणे सुटलेला देश वर वर्णिलेल्यांत तरी दिसत नाही. दुसऱ्याच्या अपराधाचा जाब विचारला जाईल या भीतीपोटी जोडणी कुलूपबंद ठेवणाऱ्या गृहस्थाला कृपण म्हणता येणार नाही, इतके मात्र या इतिहासावरून निश्चित होते. त्याचे भय निराधार नाही. त्याचे निवारण एकट्याच्या औदार्याने होणारे नसून ते कायद्याने व संघटनेने करावयाचे काम आहे.